दुसऱ्या कडव्याचा निकाल

कानसेन सीडी प्लेअर घेणार आहेत, ही बातमी दंतवैद्यांना फोनवर कळली तेव्हा त्यांच्या खुर्चीत एक पेशंट आ वासून पडलेला होता. त्यांनी त्याला तसाच ठेवला आणि "कोण घेणार?" असं तीनदा विचारलं. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. गेली तीस वर्षं दर शनिवारी संध्याकाळी कानसेनांच्या बैठकीच्या खोलीत बसून, त्यांचा चहा पीत, त्यांच्याच तबकड्या ऐकत दंतवैद्यांनी एक वाक्य न चुकता ऐकलं होतं: तबकडीवर संगीत असतं, सीडीवर संगीताची नुसती माहिती असते. हे वाक्य कानसेन दर शनिवारी आत्ताच सुचल्यासारखं म्हणत आणि मग तबकडीवर सुई ठेवत.

कानसेन हे काही त्यांचं नाव नव्हे. एका शनिवारी दंतवैद्यांनीच थट्टेत ठेवलेलं ते टोपणनाव. कानसेनांनी मात्र ते पदवीसारखं स्वीकारलं. पोटापाण्यासाठी ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून जाऊन तराजू खरा आहे की नाही, किलोचं वजन किलो भरतं की नाही, हे पाहणं त्यांचं काम. पितळी वजनांची पेटी घेऊन ते बाजारात शिरले की अर्ध्या दुकानदारांना एकदम जेवायला जायची आठवण होई.

अशा माणसाला सीडी प्लेअर घ्यायची वेळ आली ती सासूबाईंमुळे. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी, मुक्काम मुलीकडे म्हणजे कानसेनांच्याच घरी, आणि डोक्यात बावन्न वर्षं चाललेला एक दावा. दावा त्यांच्या नवऱ्याविरुद्ध होता. कानसेनांचे सासरे टपाल खात्यात पत्रं वेगळी करायच्या कामावर होते, आणि आयुष्यात एकदाच, सात मिनिटं, ते रेडिओवर गायले होते. सासूबाईंनी ते गाणं शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकलं. सासरे हवेत तरंगत घरी आले आणि कसं झालं म्हणून विचारते झाले. सासूबाई म्हणाल्या, छान झालं, दुसऱ्या कडव्यात सूर उतरला तेवढा. सासरे म्हणाले, सूर नाही उतरला, रेडिओला खरखर होती. तिथून जे सुरू झालं ते सासरे वारेपर्यंत मिटलं नाही. एकत्र संसार झाला, मुलगी झाली, घर बदललं, पण दुसऱ्या कडव्यावर दोघांनीही माघार घेतली नाही. मुलगी वडिलांच्या बाजूची. तिचं म्हणणं, बाबा सुरात पक्के होते, आईला उगाच खोड काढायची सवय. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली तरी मायलेकींमध्ये हा विषय निघाला की त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडे.

आणि आता रेडिओ केंद्राने जाहीर केलं होतं की, जुन्या फिती सापडल्या आहेत, कलाकारांच्या वारसांना सीडीवर प्रत मिळेल. सासूबाईंनी बातमी दोनदा वाचून घेतली आणि जावयाला समोर बसवलं.

"जावईबापू, कानाच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय, माहीत आहे ना? हे वर्ष बरं जाईल, पुढचं सांगता येत नाही. मला ते कडवं एकदा नीट ऐकायचंय. पण यंत्र असं आणा, की नंतर कुणाला त्याच्यावर खापर फोडता येणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी मुलीकडे बघून म्हटलं होतं. घरातल्या कॉम्प्युटरवर, शेजाऱ्यांच्या जुन्या डबड्यावर त्या ऐकणार नव्हत्या. कानसेनांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांच्या कानावर आणि त्यांच्या निवडीवर कुणी इतका विश्वास टाकल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी शब्द दिला.

पहिलं घोडं रेडिओ केंद्रात अडलं. तिथल्या अर्जावर 'कलाकाराची संमती' असा एक रकाना होता. कानसेनांनी तिथे 'कलाकार हयात नाहीत' असं लिहिलं. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज परत केला. त्या म्हणाल्या, रकाना संमतीचा आहे, त्यात हो किंवा नाही एवढंच लिहायचं. कानसेनांनी मृत्यूचा दाखला जोडला. बाई म्हणाल्या की ह्यावरून ते वारले हे कळतं, त्यांची हरकत नव्हती हे कुठे कळतं? कानसेन स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना ह्या प्रश्नातलं सौंदर्य दिसलं आणि ते निमूट परत आले. शेवटी सासूबाईंनी प्रतिज्ञापत्र केलं, की नवऱ्याची हरकत असती तर त्यांनी ती बोलून दाखवली असती, कारण बोलून दाखवायची त्यांना सवय होती. ते मात्र चाललं.

त्यातच कानसेनांनी स्वतःच्या पायावर आणखी एक धोंडा पाडून घेतला. प्रत सीडीऐवजी तबकडीवर मिळावी, असा वेगळा विनंती अर्ज त्यांनी सहा कारणांसह दिला. केंद्राने तो विचारार्थ घेतला आणि पाच आठवडे घोंगडं भिजत ठेवून कळवलं की, केंद्राकडे तबकडी छापायची सोय नाही आणि कधीच नव्हती. सीडी हातात पडली तेव्हा दोन महिने गेले होते. सासूबाईंनी ती रुमालात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवली, आणि यंत्र पसंत पडेपर्यंत ती बाहेर निघणार नाही असं सांगून टाकलं.

आता यंत्र. तीस वर्षं कानसेन ज्या वस्तूला नवीन फॅड म्हणून हिणवत होते, ती वस्तू दरम्यान म्हातारी होऊन बाजारातून निघूनही गेली होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. साध्या दुकानात सीडी प्लेअर मागितल्यावर काउंटरवरच्या मुलीने त्यांच्याकडे अशा मायेने पाहिलं, की त्यांना घाम फुटला. सात-आठ महिने चौकशी करता करता एका शोरूमचा पत्ता लागला. तिथे बूट बाहेर काढून आत जायचं असे. आत गालिचा, एकच सोफा, आणि दवाखान्यातल्यासारखा हळू बोलणारा शोरूमवाला. किमतीचा विषय त्याने काढला नाही आणि कानसेनांनी काढला तेव्हा दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

कानसेनांनी आपली रीत सोडली नाही. त्यांच्या खात्यात कुठलीही वस्तू तपासायची तर प्रमाणाशी ताडून तपासतात. त्यांच्या लेखी प्रमाण एकच, त्यांची तबकडी. म्हणून पुढच्या खेपेला ते घरचा रेकॉर्ड प्लेअर चादरीत बांधून, टॅक्सीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन शोरूमला गेले. सोबत दंतवैद्य, आणि खालच्या मजल्यावरचे विमावाले, जे संगीतातलं काही कळत नसताना बारा वर्षं शनिवारी येत होते, कारण त्यांच्या घरी शनिवारी पाहुणे असत. पडद्यामागे तीन सीडी प्लेअर ठेवले, एकच गाणं तिन्हींवर वाजवलं. कानसेन डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. तिसऱ्याला त्यांनी हात वर केला. म्हणाले, हा. ह्यात तबकडीची ऊब आहे, बाकीचे दोन कोरडे.

शोरूमवाला फार सभ्य माणूस. तो आणखी हळू आवाजात म्हणाला की तिसरा विकायचा नाही, तो एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलाय, त्याच्यात घुं घुं असा आवाज येतो, चुकून लागला. विमावाल्यांनी लगेच विचारलं की, मग तो स्वस्तात मिळेल का? दंतवैद्य गालिच्यावरची नक्षी बघू लागले. कानसेन तोंडघशी पडले होते, पण निरीक्षकाच्या नोकरीत चेहरा सांभाळायची सवय लागते. मी दुकानाची परीक्षा घेत होतो, असं ते म्हणाले, आणि रेकॉर्ड प्लेअर पुन्हा चादरीत बांधू लागले.

ह्या प्रसंगाने त्यांचा आपल्या कानांवरचा विश्वास थोडा हलला होता. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, स्वतःलासुद्धा नाही. माणसाचा एका ठिकाणचा आत्मविश्वास गेला की तो दुसऱ्या ठिकाणचा उसना आणतो. पुढच्या शनिवारी दंतवैद्यांनी सहज म्हटलं की, चांगलं यंत्र जड असतं, त्यांची खुर्ची बघा, हलत नाही. कानसेनांचे डोळे लकाकले. वजन. ह्या विषयात त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग त्यांनी सगळी माहितीपत्रकं वजनाप्रमाणे लावली, आणि सर्वांत जड यंत्र पसंत केलं. माहितीपत्रकात लिहिलं होतं बावीस किलो. सीडी प्लेअर बावीस किलोचा का असावा, हा प्रश्न त्यांच्या बायकोला पडला. तिला त्यांनी सांगितलं की त्यामुळे आवाजाला पाया येतो. ती म्हणाली, बाबा अठ्ठेचाळीस किलोचे होते, त्यांना होता की पाया. कानसेनांनी त्या बोलण्याकडे कानाडोळा केला.

पैसे भरायच्या दिवशी ते खात्याचा तराजू आणि पितळी वजनं घेऊनच शोरूममध्ये शिरले. खरेदी स्वतःसाठी असली म्हणून काय झालं. यंत्र तराजूत ठेवलं. भरलं एकवीस किलो सातशे ग्रॅम. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेवढंच. तीनशे ग्रॅम कमी.

शोरूमवाल्याने हात जोडले. तो म्हणाला, साहेब, ही काही साखर नाही. पण कानसेन हटायला तयार नव्हते. सत्तावीस वर्षं जो माणूस पन्नास ग्रॅमसाठी वाण्याला नोटीस देत आला, तो तीनशे ग्रॅम कमी भरलेला माल उचलून घरी नेणार कसा? त्यांनी तिथल्या तिथे पंचनामा केला, त्यावर शोरूमवाल्याची सही घेतली आणि थेट परदेशातल्या कंपनीला रीतसर पत्र पाठवलं. यंत्र शोरूममध्येच राहिलं. शनिवारच्या बैठकीत ह्या पत्राचं वाचन झालं. दंतवैद्यांना ते आवडलं. विमावाल्यांनी सुचवलं की तीनशे ग्रॅम वाटेत हरवले असतील तर त्याचाही विमा असतो.

कंपनीचं उत्तर यायला सात आठवडे लागले. ह्या सात आठवड्यांत घरात एक गोष्ट हळूहळू होत होती आणि कानसेन सोडून सगळ्यांना ती दिसत होती. आधी सासूबाई दाराची बेल वाजली तरी उठेनाशा झाल्या. मग फोनवर बोलताना 'काय? काय?' सुरू झालं. मग तेही थांबलं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून त्या नुसत्या मान हलवू लागल्या. मुलगी एकदा त्यांच्या पाठीमागून बोलली, चांगली तीन वाक्यं बोलली, आणि त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

कंपनीचं पत्र आलं ते अतिशय नम्र होतं. कंपनीने लिहिलं होतं की, बावीस किलोमध्ये रिमोटही धरलेला आहे. कानसेनांनी ते पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्या समाधानाने वाचून दाखवलं. शंका रास्त होती आणि खुलासाही रास्त आहे, असं त्यांचं मत पडलं.

बायकोने पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला. "अहो, माझं म्हणणं तर बाबा सुरात होते, असं आहे. निकाल लागला नाही तर माझं काहीच बिघडत नाही. पण आईला ऐकायचंय. तुमचं वजन करून होईपर्यंत तिला ढग गडगडलेले तरी ऐकू येतील का?"

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून कानसेनांनी यंत्र आणलं. लिफ्टमध्ये यंत्र, ते उचलणारे दोन हमाल आणि कानसेन असे मावेनात, म्हणून कानसेन जिन्याने चढले. ते वर पोहोचेपर्यंत हमालांनी यंत्र भलत्याच मजल्यावर, विमावाल्यांकडे, शनिवारच्या पाहुण्यांसमोर ठेवलं होतं. ते तिथून निघेस्तोवर पाहुण्यांना त्याचं मायक्रोवेव्हपेक्षा वेगळेपण समजावून सांगावं लागलं.

एवढं होऊन आता सीडी घालायची आणि बटण दाबायचं, असं कुणालाही वाटेल. तर तसं नव्हतं. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की, नवं यंत्र दोनशे तास वाजवल्याशिवाय त्याचा खरा आवाज मोकळा होत नाही. कानसेन पुस्तिकेपुढे हतबल झाले. सासूबाईच म्हणाल्या होत्या, खापर फोडता येता कामा नये. दोनशे तास तर दोनशे तास. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लावून ठेवलं तर वीसेक दिवसांत होईल.

पण वाजवायचं काय? कपाटातल्या सीडीला हात लावायचा नव्हता आणि तबकडीवाल्याच्या घरात दुसरी सीडी असणार कुठून? शोधाशोध करता कानसेनांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक सापडली. खात्याने कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी काढलेली 'वजने व मापे नियमावली, भाग पहिला', एका निवृत्त उपसंचालकांच्या आवाजात. त्या दिवसापासून देशातल्या बहुधा सर्वांत जड सीडी प्लेअरवर दिवसाला दहा तास उपसंचालकांचा आवाज घुमू लागला. घरभर परवाने, ठसे, मुदती आणि दंड. बायकोला आठवड्याभरात पहिली चार प्रकरणं पाठ झाली, आणि तिने भाजीवाल्याला तराजूवरचा ठसा दाखवायला सांगितला. तो बिचारा पुढच्या रस्त्यावर बसायला लागला.

सासूबाई दिवसभर यंत्रासमोरच्या खुर्चीत बसून असत. त्या नियमावलीसुद्धा लक्ष देऊन ऐकत, म्हणजे कानसेनांना तसं वाटे. एकशे बाराव्या तासाला, दुपारी, कानसेन ऑफिसातून लवकर आले तेव्हा उपसंचालक खणखणीत आवाजात कसूर करणाऱ्या व्यापाऱ्यांविषयी बोलत होते. सासूबाईंनी कानसेनांकडे पाहिलं आणि यंत्राकडे बोट दाखवून विचारलं,

"बंद पडलं का हो हे?"

कानसेनांनी उपसंचालकांना वाक्याच्या मध्येच थांबवलं आणि बायकोला म्हणाले, उद्या सकाळी.

रविवारी सकाळी दहा वाजता सगळे जमले. सासूबाईंनी साक्षीदार हवेत म्हटल्यामुळे दंतवैद्य आणि विमावालेही आले होते. सासूबाईंनी चांगलं लुगडं नेसलं होतं. रुमाल सोडून सीडी त्यांनी स्वतः कानसेनांच्या हातात दिली, आणि खुर्ची ओढून स्पीकरच्या इतक्या जवळ बसल्या की त्यांचा गुडघा त्याला टेकला. बायको भिंतीला टेकून उभी राहिली. कानसेनांनी आवाज वाढवला आणि बटण दाबलं.

गाणं सुरू झालं, आणि कानसेन थक्क झाले. काय तो स्वच्छपणा. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता, साथीदाराचं बोट वाद्यावरून घसरलेलं ऐकू येत होतं, ती खोली केवढी असेल, तिच्यात माणसं किती असतील, हेसुद्धा कळत होतं. ही तबकडी नव्हती आणि तरी जिवंत होती. तीस वर्षांचं वाक्य आता कसं मागे घ्यायचं, निदान त्याला एखादी पुरवणी कशी जोडायची, ह्या विचारात ते गढून गेले. तेवढ्यात गाणं संपलं.

सासूबाईंनी कानाशी धरलेला हात खाली घेतला. "मला नुसतं कुणीतरी गातंय एवढं कळलं," त्या म्हणाल्या. "जावईबापू, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानीन. दुसऱ्या कडव्यात सूर उतरला का?"

बायकोही त्यांच्याकडे बघत होती. कानसेनांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की दुसरं कडवं कधी येऊन गेलं, हे त्यांना ठाऊकच नाही. चौदा महिने ज्या वीस सेकंदांसाठी खपले, ती वीस सेकंदं ते यंत्र ऐकत होते. त्यांनी दंतवैद्यांकडे पाहिलं. दंतवैद्य पुस्तिका वाचत होते. विमावाल्यांकडे बघण्यात अर्थ नव्हता. कानसेनांचे कान आयुष्यात पहिल्यांदाच लाल झाले.

"आई, मी..." ते म्हणाले, आणि थांबले. सीडी अजून फिरत होती.

केंद्राने जुनी फीत होती तशी शेवटपर्यंत उतरवली होती. थोडी सरसर झाली, खुर्ची सरकली. मग खूप लांबून, पण शब्द न् शब्द कळेल असा, सासऱ्यांचा बोलण्याचा आवाज आला.

"गेलाच की हो सूर, दुसऱ्या कडव्यात. घरी ओळखलं असणार. बायकोचे कान फार तिखट आहेत."

दुसरा कुणीतरी म्हणाला, "मग काय सांगणार?"

"सांगेन, रेडिओला खरखर होती," सासरे म्हणाले, आणि हसले. मग फीत संपली.

सासूबाई एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "काय झालं? बोलले का ते काही?"

सांगायचं काम मुलीवर आलं. ती भिंतीपासून निघाली, आईच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली आणि तिच्या कानाला तोंड लावून, ओरडून, एकेक वाक्य सांगितलं. सूर गेल्याचं सांगितलं, तिखट कानांचं सांगितलं, खरखरीचं सांगितलं. सांगताना तिचं तोंड पडलं होतं. दावा सासूबाई जिंकल्या होत्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही आलं नाही.

"हसले का?" त्यांनी विचारलं.

"हो आई. हसले."

सासूबाई थोडा वेळ स्पीकरच्या जाळीवर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "परत लावा."

कानसेन गाणं पहिल्यापासून लावायला उठले.

"गाणं नको," सासूबाई म्हणाल्या. "तेवढंच लावा."

कानसेनांनी रिमोट घेतला आणि तेवढंच लावलं. मुलीने आईच्या कानात शब्द पुन्हा सांगितले. मग पुन्हा लावलं. चौथ्या वेळी मुलीच्या तोंडून शब्द फुटेना, ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती. तेव्हा कानसेन स्वतः खाली वाकले, सासूबाईंच्या कानाशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, "सांगेन, रेडिओला खरखर होती."

"खोटारडे कुठले," सासूबाई स्पीकरकडे बघून म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "लावा, परत लावा."